डिस्क दिसते पण चालत नाही: डिक्रिप्शन सॉफ्टवेअर आणि प्लेअर यांच्यातला झगडा कसा सोडवायचा

संगणकात डीव्हीडी किंवा ब्लू-रे घातली आणि प्लेअर 'डिस्क घाला' असंच म्हणत बसला, की बहुतेक जण आधी प्लेअर काढून पुन्हा टाकतात. तेवढ्यानं भागलं नाही तर विंडोज नव्यानं टाकायला घेतात. एवढा उपद्व्याप करायची वेळ फार क्वचित येते. एनीडीव्हीडीसारखं मागे गुपचूप चालणारं डिक्रिप्शन (कुलूप काढणारं) सॉफ्टवेअर आणि पॉवरडीव्हीडीसारखा परवानाधारक, म्हणजे कुलुपाची अधिकृत चावी असलेला, प्लेअर एकाच संगणकावर असतील, तर बहुधा दोन्ही आपापल्या जागी ठीक असतात. डिस्कचं कुलूप, म्हणजे कॉपी रोखणारं संरक्षण, मात्र दोघांनाही स्वतःच उघडायचं असतं. म्हणून माझं सांगणं एवढंच, की कुलूप उघडणारा एका वेळी एकच ठेवा, आणि कोण आडवा येतोय हे कळेपर्यंत काहीही अनइन्स्टॉल करू नका.

आत काय घडतं ते आधी

विकतच्या डीव्हीडीवर १९९६ पासून सीएसएस नावाचं कुलूप येतं. डिस्क घातल्यावर ड्राइव्ह आणि प्लेअर आधी एकमेकांची ओळख पटवून घेतात, मग प्लेअर डिस्कची आणि त्यावरच्या प्रत्येक भागाची चावी मिळवतो आणि चित्र उलगडतो. ही चावी ४० बिटांची, म्हणजे तेव्हाही कमकुवतच होती. १९९९ मध्ये डीसीएसएस हा छोटा प्रोग्रॅम बाहेर आला आणि ते जगजाहीर झालं. व्हीएलसी हा मोफत प्लेअर डीव्हीडी चालवतो तो लिबडीव्हीडीसीएसएस ही लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरून. तिच्याकडे परवान्याची चावी नसते, ती चावी स्वतः शोधून काढते.

ब्लू-रेचं कुलूप वेगळं आहे. त्याला एएसीएस म्हणतात आणि काही डिस्कवर त्याच्या जोडीला बीडी प्लसही असतं. एएसीएसच्या चाव्या बदलत राहतात. एखाद्या प्लेअरची चावी फुटली तर ती रद्द होते, आणि त्यानंतर निघालेल्या डिस्क तो प्लेअर अपडेट केल्याशिवाय चालत नाहीत. जुन्या डिस्क छान चालतात आणि नवीच अडते, यामागे बरेचदा एवढंच कारण असतं.

आता एनीडीव्हीडीच्या जातीचे प्रोग्रॅम. हे विंडोजमध्ये ड्राइव्हच्या वर एक फिल्टर ड्रायव्हर, म्हणजे मध्ये बसून माहिती बदलणारा छोटा प्रोग्रॅम, बसवतात. कुठलाही प्रोग्रॅम डिस्क वाचू लागला की प्रत्येक सेक्टर (डिस्कवरच्या माहितीचा तुकडा) या फिल्टरमधून कुलूप काढूनच पुढे जातो. घरी आलेलं पत्र दारावरच्या माणसानं आधीच फोडून आत द्यावं, तसा हा प्रकार. व्हीएलसीला त्याचं काही वाटत नाही, त्याचं काम उलट सोपं होतं. परवानाधारक प्लेअरला मात्र मोहर स्वतः तोडायची असते. ती आधीच तुटलेली, किंवा अर्धवट तुटलेली दिसली, की तो गोंधळतो, अडतो किंवा सरळ बंद होतो.

कायद्याचं इथेच सांगून टाकतो. भारतात कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५ए आलं. हक्कांचं उल्लंघन करण्याच्या हेतूनं संरक्षण तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणजे इथे हेतू पाहिला जातो. अमेरिकेतला १९९८ चा डीएमसीए हा कॉपीराइट कायदा बराच कडक आहे, तिथल्या मराठी मंडळींनी ते ध्यानात ठेवावं. हा लेख विकत घेतलेली डिस्क आपल्याच संगणकावर नीट पाहता यावी, एवढ्यापुरता आहे.

लक्षणं वाचायला शिका

निम्मं निदान पडद्यावरच होतं. आवाज बरा येतोय, पण चित्रात हिरवे-गुलाबी चौकोन सांडलेत आणि मध्येच एखादी फ्रेम स्वच्छ दिसून पुन्हा विस्कटते, तर डिस्क वाचली जातेय पण कुलूप नीट निघत नाहीये. याउलट, चित्र दर वेळी एकाच जागी थांबतं आणि ड्राइव्ह घरघर करत वेग कमी-जास्त करते, तर डिस्कवर ओरखडा आहे. तिथे सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको.

फाइल एक्सप्लोररमध्ये डिस्क उघडते, आतले फोल्डरही दिसतात, पण प्लेअर म्हणतो डिस्कच नाही. हे झगड्याचं सगळ्यात नेहमीचं रूप. प्लेअर उघडताक्षणी निमूट बंद होणं, किंवा सुरुवातीची कंपनीची चित्रं दाखवून काळ्या पडद्यावर थिजणं, हेही त्याच घरातलं.

ड्राइव्हच गायब झाली असेल, डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल आणि आत कोड १९, ३९ किंवा ४१ लिहिलं असेल, तर अनइन्स्टॉल केलेल्या एखाद्या प्रोग्रॅमचा फिल्टर मागे राहिलाय. त्याचा उपाय पुढे सविस्तर देतो.

आणि सिनेमा सुरळीत चालू असताना बऱ्याच वेळानं आवाज तेवढा बंद झाला, सोबत सिनाव्हियाचा संदेश आला, तर तो या झगड्याचा भाग नाही. सिनाव्हिया ही आवाजातच मिसळलेली खूण असते, कुलूप काढलं तरी ती जात नाही. तिच्यासाठी ड्रायव्हर उचकटत बसणं व्यर्थ आहे.

पहिलं काम: तीन डिस्कची चाचणी

तीन डिस्क हाताशी घ्या. एक कुलूप नसलेली. लग्नाची किंवा मुंजीची, फोटोग्राफरनं बर्न करून दिलेली डीव्हीडी यासाठी उत्तम. दुसरी भारतात विकत घेतलेली साधी डीव्हीडी. तिसरी जी अडतेय ती.

लग्नाची डीव्हीडीसुद्धा चालत नसेल तर कुलुपाचा संबंधच नाही. ड्राइव्ह, केबल किंवा प्लेअर बिघडलाय. ती चालते पण विकतच्या दोन्ही अडतात, तर झगड्याची शक्यता दाट. फक्त तिसरीच अडत असेल, तर आधी ती टीव्हीला जोडलेल्या साध्या प्लेअरवर लावून बघा. तिथेही अडली तर डिस्कच खराब आहे किंवा तिचा रीजन (ती जगाच्या कुठल्या भागासाठी विकली गेली, त्याचा क्रमांक) वेगळा आहे.

रीजनकडे इथे खास लक्ष द्या, कारण यात भलेभले फसतात. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५ मध्ये आहे, अमेरिका १ मध्ये, युरोप, जपान आणि आखाती देश २ मध्ये. ब्लू-रेला भारत सी, अमेरिका ए, युरोप बी. न्यू जर्सीहून मुलानं पाठवलेली डिस्क रीजन १ ची असते. डिक्रिप्शन सॉफ्टवेअर चालू असताना ते रीजनची खूणही झाकतं, त्यामुळे डिस्क पुण्यातही चालते. चाचणीसाठी तुम्ही सॉफ्टवेअर बंद करता, डिस्क अडते, आणि तुम्हाला वाटतं की प्लेअर बिघडलाय. तसं काही नसतं, प्लेअरला खरा रीजन आता कुठे दिसलेला असतो. म्हणून झगड्याची चाचणी नेहमी रीजन ५ च्या किंवा सर्व रीजनच्या डिस्कवरच करा.

त्या वेळी 'रीजन बदलू का?' असा प्रश्न आला तर 'नाही' म्हणा. ड्राइव्हचा रीजन पाचच वेळा बदलता येतो. शेवटचा बदल संपला की तोच रीजन कायमचा, विंडोज नव्यानं टाकूनही तो मोकळा होत नाही, कारण तो आकडा ड्राइव्हच्याच आत साठवलेला असतो. किती बदल उरलेत ते पाहायचं असेल तर फाइल एक्सप्लोररमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, हार्डवेअर, ड्राइव्ह निवडून पुन्हा प्रॉपर्टीज, आणि डीव्हीडी रीजन हा टॅब. ब्लू-रेचा रीजन मात्र प्लेअर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ठरतो.

दुसरं काम: डिक्रिप्शन खरोखर बंद करा

घड्याळाशेजारच्या आयकॉनवर राइट क्लिक करून 'डिसेबल' केलं म्हणजे बंद झालं, असं नाही. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये त्यानं कुलूप काढणं थांबतं, पण ड्रायव्हर जागेवरच राहतो. शिवाय प्लेअरनं आधी पाहिलेली डिस्कची अवस्था लक्षात ठेवलेली असते. म्हणून क्रम पाळा. आधी प्लेअर पूर्ण बंद करा. डिस्क बाहेर काढा. डिक्रिप्शन प्रोग्रॅममधून 'एक्झिट' करा. टास्क मॅनेजरमध्ये दोघांचीही मागे उरलेली प्रक्रिया नाही ना, ते बघा. असेल तर 'एंड टास्क'. मग डिस्क पुन्हा घाला, ड्राइव्हचा दिवा स्थिर होऊ द्या, आणि त्यानंतरच प्लेअर उघडा.

आता डिस्क चालली तर दोषी सापडला. नाही चालली तर डिक्रिप्शन प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये 'विंडोजसोबत सुरू हो' ही खूण काढा आणि संगणक रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू केलेला इथे चालत नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये सिस्टिमचा गाभा झोपवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तेच ड्रायव्हर जसेच्या तसे उठून बसतात. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. हा बारीक फरक माहीत नसल्यामुळे कित्येक जण 'बंद करूनही काही झालं नाही' म्हणत चुकीच्या दिशेला जातात.

तिसरं काम: ड्राइव्ह आणखी कुणी धरून ठेवलीय का

दोषी दोघांबाहेरचाही असू शकतो. डीमन टूल्ससारखे आभासी (सॉफ्टवेअरनं बनवलेल्या, प्रत्यक्षात नसलेल्या) ड्राइव्हचे प्रोग्रॅम, जुनी बर्निंगची सॉफ्टवेअर, डिस्कवरून व्हिडिओ फाइल बनवणारं मेकएमकेव्ही उघडं ठेवलेलं असणं, डिस्क घालताच ती तपासायला धावणारा अँटिव्हायरस आणि विंडोजचा ऑटोप्ले, हे सगळे ड्राइव्हचे दावेदार. ऑटोप्ले सेटिंग्जमधून बंद करा. आभासी ड्राइव्ह काढून टाका, निदान चाचणीपुरती तरी. आणि हेही समजून घ्या की डिस्कच्या कुलूपबंद प्रतिमेची फाइल आभासी ड्राइव्हवर चढवली तरी परवानाधारक प्लेअर ती चालवणार नाही. ओळख पटवून द्यायला तिथे खरी ड्राइव्हच नसते.

नेमका कोण ते कळत नसेल तर क्लीन बूट करा. सिस्टिम कॉन्फिगरेशन उघडा, सर्व्हिसेसच्या टॅबवर आधी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवा, मग उरलेल्या बंद करा, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधलीही नावं बंद करा आणि रीस्टार्ट. डिस्क चालली तर बंद केलेल्यांपैकी निम्म्या पुन्हा चालू करून बघा, मग उरलेल्यांच्या निम्म्या. असं निम्मं-निम्मं करत गेलं की दोषी लवकर हाती लागतो, एकेक करत बसलं तर दिवस जातो.

विंडोज ११ वर आणखी एक जागा पाहायची. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन. मेमरी इंटेग्रिटी चालू असेल तर जुने ड्रायव्हर विंडोज लोडच होऊ देत नाही. मग डिक्रिप्शन प्रोग्रॅमचा आयकॉन दिसतो, तो चालू असल्यासारखा वाटतो, आणि आतून काहीच करत नसतो. विसंगत ड्रायव्हरची यादी तिथे दिसली तर त्यांचं नवं व्हर्जन शोधा. डिस्क चालावी म्हणून मेमरी इंटेग्रिटी बंद करा, असं मी कुणालाही सांगणार नाही. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात तिथे तर नाहीच नाही.

चौथं काम: मागे राहिलेले फिल्टर काढणं

हे फक्त ड्राइव्ह गायब असेल किंवा पिवळा त्रिकोण असेल तेव्हाच. इथे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, हात घालायचाय, म्हणून आधी सिस्टिम रिस्टोअर पॉइंट तयार करा. ही पायरी गाळायची नाही.

अॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून रजिस्ट्री एडिटर उघडा. डावीकडच्या झाडात एचकी लोकल मशीन, त्यात सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल आणि क्लास असं उतरत जा. आत महिरपी कंसातल्या लांबलचक नावांची रांग दिसेल. त्यातलं '४डी३६ई९६५' या अक्षरांनी सुरू होणारं नाव सीडी आणि डीव्हीडी ड्राइव्हचं. त्यावर क्लिक केल्यावर उजवीकडे 'क्लास' या नोंदीसमोर 'सीडीरॉम' लिहिलेलं दिसलं पाहिजे. ते दिसत नसेल तर तुम्ही चुकीच्या जागी आहात, तिथे काही करू नका. याच्यासारखीच दिसणारी शेजारची नावं कीबोर्ड, माउस आणि हार्ड डिस्कची आहेत, आणि तिथले फिल्टर उडवले तर संगणक सुरू होणं मुश्कील होईल.

जागा बरोबर असेल तर त्या नावावर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट' करा आणि फाइल जपून ठेवा. आता उजवीकडे 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या नोंदी शोधा. दोन्ही असतीलच असं नाही. डबल क्लिक केल्यावर आत एका ओळीवर एक अशी ड्रायव्हरची नावं दिसतात. तुम्ही कधीच काढून टाकलेल्या प्रोग्रॅमचं नाव तिथे असेल तर तेवढीच ओळ काढा. कुठलंच नाव ओळखू येत नसेल तर दोन्ही नोंदी पूर्ण काढल्या तरी चालतं, मायक्रोसॉफ्टचाही तोच सल्ला आहे. पण नावाच्या शेवटी '.bak' लागलेल्या नोंदी तशाच राहू द्या. मग रीस्टार्ट.

ड्राइव्ह परत येते. बदल्यात, त्या फिल्टरवर चालणारं बर्निंग किंवा डिक्रिप्शन सॉफ्टवेअर काम करेनासं होतं आणि पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं. ते अपेक्षितच आहे.

पाचवं काम: पुन्हा इन्स्टॉल, पण क्रमानं

प्लेअर आणि डिक्रिप्शन दोन्ही काढा, रीस्टार्ट करा. आधी एकटा प्लेअर टाका, त्याचं ताजं अपडेट घ्या आणि विकतची डिस्क लावून बघा. ती नीट चालेपर्यंत दुसरा प्रोग्रॅम टाकू नका. चालली की मग डिक्रिप्शन टाका, रीस्टार्ट करा आणि तीच डिस्क पुन्हा लावा. एकदम दोन बदल केले की कशानं बिघडलं आणि कशानं सुधारलं, काहीच कळत नाही.

डिक्रिप्शन सॉफ्टवेअर जुनं असेल तर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. एनीडीव्हीडी बनवणारी स्लायसॉफ्ट ही कंपनी फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद झाली, पुढे तेच काम रेडफॉक्स या नावानं चाललं, आणि २०२४ मध्ये रेडफॉक्सही इंटरनेटवरून नाहीसं झालं. ब्लू-रेसाठी हा प्रोग्रॅम इंटरनेटवरच्या माहितीवर बराच विसंबून होता. त्यामुळे नवी ब्लू-रे त्यानं अर्धवट उघडून प्लेअरपुढे ठेवली तर आश्चर्य नाही. अशा वेळी तो प्रोग्रॅम कायमचा काढून परवानाधारक प्लेअरवर भिस्त ठेवणं शहाणपणाचं.

व्हीएलसीवाल्यांसाठी

व्हीएलसीमध्ये डीव्हीडी सुरू व्हायला फार वेळ लागत असेल, तर बहुधा ड्राइव्हचा रीजन ठरवलेला नसतो किंवा डिस्कशी जुळत नसतो. मग ड्राइव्ह चावी देत नाही आणि लायब्ररीला ती हिशेब करून काढावी लागते. काही ड्राइव्ह त्याहून हटवादी असतात. रीजन जुळला नाही तर कुलूपबंद सेक्टर वाचूच देत नाहीत. लॅपटॉपमधल्या मात्सुशिता ड्राइव्ह यासाठी प्रसिद्ध आहेत.

सापडलेल्या चाव्या ही लायब्ररी साठवून ठेवते. विंडोजवर ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरमध्ये आणि लिनक्सवर होम फोल्डरमध्ये लपलेलं 'डीव्हीडीसीएसएस' नावाचं फोल्डर असतं. एकदा चुकीची चावी साठवली गेली तर तीच डिस्क दर वेळी विस्कटलेली दिसते. ते फोल्डर बिनधास्त उडवा, व्हीएलसी नवं तयार करतो. हिरव्या-गुलाबी चौकोनांवर मी सगळ्यात आधी हाच उपाय करून बघतो, कारण त्यात बिघडण्यासारखं काहीच नाही.

डेबियन आणि उबुंटूवर ही लायब्ररी आपोआप येत नाही. लिबडीव्हीडी-पीकेजी हे पॅकेज टाकून ते पुन्हा कॉन्फिगर करावं लागतं. विकतच्या ब्लू-रे मात्र व्हीएलसी नुसता टाकून चालत नाहीत, तिथे तुमचा संगणक बिघडलेला नसतो.

झगडा नसून झगड्यासारखं दिसणारं

पडदा रेकॉर्ड करणारा प्रोग्रॅम, एनीडेस्कसारखं दूरनियंत्रण किंवा टीव्हीवर मिररिंग चालू असेल, तर ब्लू-रेसाठी अनेक परवानाधारक प्लेअर चित्र दाखवत नाहीत. एचडीसीपी (पडद्याकडे जाणाऱ्या चित्राचं संरक्षण) न पाळणारा जुना मॉनिटर किंवा मध्ये लावलेला स्वस्त अडॅप्टर यानंही तेच होतं. सगळं बंद करा, एकच मॉनिटर थेट एचडीएमआयनं जोडा आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. भरमसाट कोडेक पॅक (व्हिडिओ-ऑडिओ उलगडणाऱ्या प्रोग्रॅमचे गठ्ठे) टाकले असतील तर तेही काढा. आणि विंडोज ८ पासून विंडोज मीडिया प्लेअरमध्ये डीव्हीडी चालवायची सोयच उरलेली नाही, त्यामुळे तो अडला म्हणून कुणालाच दोष देऊ नका.

फोर-के अल्ट्रा एचडी ब्लू-रेचं दुखणं मुळातच वेगळं. परवानाधारक प्लेअरला त्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सुरक्षेची सोय आणि एचडीसीपी २.२ पाळणारा पडदा लागतो. इंटेलनं डेस्कटॉपच्या अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२१ पासून, एसजीएक्स काढून टाकलं. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये ते कधी नव्हतंच. तेव्हा नव्या संगणकावर अशी डिस्क अडली तर फिल्टर, रजिस्ट्री, अपडेट यांत वेळ घालवू नका. टीव्हीला जोडायचा वेगळा प्लेअर घ्या.

आणि दोन्ही सॉफ्टवेअर ठेवायचीच असतील, तर डिक्रिप्शनचं 'विंडोजसोबत सुरू हो' कायम बंद ठेवा, त्यात प्लेअरला वगळायची सोय असेल तर प्लेअरचं नाव तिथे घाला, आणि लागेल तेव्हाच, प्लेअर बंद असताना, ते हातानं सुरू करा.